जावईबापूंचं कोहळं

मी घरजावई नाही. मी फक्त सासूबाईंच्या घरी राहतो, एवढंच.

त्याचं असं झालं, रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि आमच्या कंपनीने तिथे शाखा काढून मला अमरावतीहून उचललं. राजधानी झाल्याबरोबर गावातल्या प्रत्येक घरमालकाला आपल्या दोन खोल्या म्हणजे मंत्र्याचा बंगला वाटायला लागला होता. एकाने भाडं सांगितलं तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं, "भैया, किराया बता रहे हो कि बेच रहे हो?" त्याने मला चहाही न पाजता वाटेला लावलं. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, माहेर तिथेच गुढियारीत. सासरे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. ते वारल्यापासून त्या घरात सासूबाई आणि धाकटी मेहुणी मंजू अशा दोघीच. तेव्हा घर मिळेपर्यंत तिथे राहायचं ठरलं.

आणि माझे हाल सुरू झाले. हाल म्हणजे काय, तर मला कोणी काही करूच देईना! मी खोलीत शिरलो की सासूबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या. त्या उभ्या म्हणून मी उभा. मग सुनंदा यायची आणि आम्हा दोघांना बसवायची. माझ्याशी थेट बोलायचं तर नावच नको. मी समोर बसलेला असताना त्या सुनंदाला विचारत, "जावईबापूले विचार, चहा मांडू काय?" एकदा गॅसचं सिलेंडर आलं. मी उचलायला धावलो, तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "राहू द्या न! जावयाच्या हातानं सिलेंडर? पाऱ्यातले लोकं काय म्हणतीन मले?" मग सगळ्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, देखत साठीच्या सासूबाई सिलेंडर गडगडत आत घेऊन आल्या आणि तिशीचा जावई बाजूला उभा राहून घाम पुसत होता.

मंजू कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. "जीजाजी, आप तो मेहमान हो. आप पंखे के नीचे बैठो." पंखा एकच होता. त्याच्याखाली सासऱ्यांची खुर्ची. त्या खुर्चीत मी तासन्‌तास अंग चोरून बसायचो. कोणीतरी एकदा "जा रे, दळण घेऊन ये" म्हणावं, याची मला इतकी ओढ लागली होती की गिरणीवरून जाताना माझी पावलं आपोआप रेंगाळायची.

घरामागे सासऱ्यांची बाडी होती. ते होते तेव्हा त्यात वांगी, वाल, कोहळी, काय काय पिकायचं. आता एक तुळस आणि एक पपई उरली होती. मी पुण्याला प्रशिक्षणाला गेलो होतो तिथून एक बियांचं पाकीट आणलं. वर लिहिलेलं, बटरनट स्क्वॉश. घरात काही काम मिळत नाही, तर निदान पोळीबरोबरची भाजी तरी माझी असावी! सासूबाईंनी परवानगी दिली, कारण बागकाम हे काम नसून साहेबलोकांचा शौक आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

पोळ्याच्या सुमारास बिया टोचल्या. वेल असे सुटले की पपईवर चढले, तुळशीला वळसा घालून शेजारच्या साहूंच्या भिंतीवर पोचले. भिंतीपलीकडून साहू दीदी पाकिटावरचं चित्र बघून म्हणाल्या, "हव, ये तो लौकी आय." मग पिवळंधमक फूल आलं. दुधीचं फूल पांढरं असतं. दीदींनी लगेच निकाल फिरवला, "नहीं, फूल पीला है. ये तो कुम्हड़ा आय!" म्हणजे आपला लाल भोपळा. सासूबाईंच्या भाषेत कोहळं.

"कोहळं हाये काय?" असं म्हणून सासूबाई एकदम गंभीर झाल्या. त्यांचं ते गंभीर होणं मी त्या वेळी मनावर घेतलं नाही.

फुलांमागे बोटाएवढी फळं धरली. मी आल्यागेल्याला ती दाखवायला लागलो. "हे बघा एक, ते बघा दुसरं." सासूबाई आतून कळवळून म्हणाल्या, "सुनंदा, त्यांना सांग व, कोहळ्याले बोट नाई दाखवत. गळून जाते." मी हसलो. (मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे. दुसऱ्या प्रयत्नात, पण आहे.) त्या आठवड्यात सगळी फळं पिवळी पडून गळाली! घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

मी पुस्तकात बघितलं. मधमाश्या कमी असल्या की नर फुलातला पराग आपल्या हाताने मादी फुलाला लावावा लागतो, तोही अगदी सकाळी, फुलं उघडी असताना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एक नर फूल खुडून मादी फूल शोधत वेलात वाकलो होतो, एवढ्यात तुळशीला पाणी घालायला सासूबाई आल्या. आसपास सुनंदा नव्हती. त्यांनी पपईच्या झाडाला विचारलं, "काय करून राहिले जावईबापू?"

"काही नाही आई. हे... हे नर फूल आहे."

"बरं."

"आणि ही... ही म्हणजे... या दोघांचं..." सासूबाईंसमोर हे वाक्य पूर्ण कसं करायचं ते पुस्तकात दिलं नव्हतं. "यांचं लग्न लावतोय!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अर्धा तांब्या तुळशीऐवजी स्वतःच्या पायावर ओतून त्या घरात पळाल्या. दुपारी मंजूने विचारलं, "जीजाजी, बारात में कितने लोग थे?" पण या लग्नांना यश आलं. फळं टिकली. तेव्हापासून मी ती कोपराने दाखवायला लागलो. विज्ञान आपल्या जागी, पण धोका कशाला घ्या!

फळ तयार झालं की त्यात नख रुतत नाही, असं पुस्तकात होतं. मी ऑफिसला जाताना आणि आल्यावर, प्रत्येक फळाला नख लावून बघायचो. हिरवट पट्टे जाऊन ती मस्त बदामी रंगाची झाली, पण अंगभर माझ्या नखांचे डाग. मंजू म्हणाली, "जीजाजी, इनको तो चेचक हो गया!" चेचक म्हणजे देवी. शेवटी थंडीतल्या एका रविवारी नख रुतलं नाही. मी देठासकट फळं तोडली, पुसली आणि त्यातलं सगळ्यात गोंडस फळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. आणि वाट बघत बसलो, पंख्याखाली.

त्या रात्री वांग्याची भाजी झाली. दुसऱ्या दिवशी वाल. तिसऱ्या दिवशी पुन्हा वांगी! माझं फळ उंबऱ्यावरून फळीवर गेलं, पण पावशीवर काही आलं नाही. (पावशी म्हणजे आमच्या वऱ्हाडाकडची विळी, पाटावर बसवलेलं पातं, पाट पायाने दाबायचा आणि भाजी पात्यावर रेटायची.) माझा चेहरा उतरलेला पाहून सुनंदाने सांगितलं, "अहो, बाईने अख्खं कोहळं कापायचं नसतं. कोहळं म्हणजे घरचा मोठा मुलगा. त्याला पहिला काप घरच्या पुरुषाने द्यायचा. मग पुढचं आम्ही चिरतो."

"मग मी काय आहे?"

"तुम्ही जावई आहात."

"जावई पुरुष नसतो?"

"असतो हो. पण घरचा नसतो."

ती सहज बोलून पोळ्या लाटायला गेली. मला मात्र ते आत लागलं. सासरे गेल्यापासून त्या घरातलं प्रत्येक कोहळं भिंतीवरून साहू भैयांकडे, म्हणजे दीदींच्या यजमानांकडे, जात असे आणि पहिला काप घेऊन परत येत असे. यावेळी ते सासुरवाडीला अभनपूरला लग्नासाठी गेले होते, म्हणून सगळं खोळंबलं होतं. म्हणजे वेल मी वाढवायचे, लग्नं मी लावायची आणि पहिला मान साहू भैयांचा! आणि ते स्वतः तिकडे जावई म्हणून पंख्याखाली बसलेले असणार!

मी धीर करून स्वयंपाकघरात गेलो. "आई, मी कापतो."

त्या घाबरून उठल्या. "नको हो! पाहुण्याच्या हातात पावशी देऊ काय मी?"

वर्ष होत आलं होतं मला त्या घरात. पाहुणा! मी खुर्चीत जाऊन बसलो आणि खरं सांगतो, रडू येईल की काय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती आणि दुपारी सासूबाई मंजूला घेऊन पुरानी बस्तीतल्या देवळात गेल्या. सुनंदा झोपली होती. मी पावशी मागच्या अंगणात आणली, पाय ठेवला, बटरनटची मान पात्यावर धरली आणि जोर लावला. पातं निम्म्यात गेलं आणि थांबलं. पुढे रेटलं, जाईना. मागे ओढलं, येईना. दोन्ही हातांनी फळ वर उचललं तर पाटासकट पावशी वर आली! मी उभा राहिलो. झटकलं. जमिनीवर आपटलं. एक चप्पल निसटून तुळशीत गेली. शेवटी फळ छातीशी कवटाळून, लोंबकळती पावशी गुडघ्यांत धरून, मी एका पायावर गोल फिरत होतो, तेव्हा दार उघडलं.

"अरे गाढवा!" सासूबाई अख्ख्या गुढियारीला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "ठेव! ठेव ते खाली! पाय तोडून घेतं काय? अक्कल हाये का नाई तुले? पोट्ट्या, माझ्या पोरीनं काय करायचं मग?"

मी फळ खाली ठेवलं. मंजू हळूच म्हणाली, "आई ने जीजाजी को गधा बोला..."

सासूबाईंच्या हातातला प्रसाद खाली पडला. चेहरा पांढराफटक. "चुकलं जावईबापू, जीभ घसरली माझी, माफ..."

"आई, माफी नका मागू," मी म्हणालो. "आता पुढे काय करू तेवढं सांगा."

त्या पदराने डोळे पुसत समोर फतकल मारून बसल्या. "मंजूचे बाबाबी असेच होते. कोहळं कापाले बसले की मलेच ओरडा लागे." त्यांनी स्वतःचा पाय पाटावर घट्ट रोवला. "मी पाट दाबतो, असं म्हणत ते, अन् पाय पात्याजवळ न्यायचे. तू सोड पाट. वरून जोर दे फक्त. बोटं सांभाळ."

तू! मी असा जोर दिला की फळ कर्रकन दुभंगलं. आत केशरी गर, आणि बिया सगळ्या खालच्या फुगीर पोटात. मेथीदाण्याची फोडणी आणि गुळाचा खडा घालून त्यांनी भाजी केली. चव? आपल्या नेहमीच्या कोहळ्यासारखीच, अगदी तशीच! पुण्याहून आणलेल्या त्या पाकिटाचं हे फळ. मी तीनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण ओढलं गेलं. "ऊठ न रे! दळण काय आपल्या पायानं चालत येईन?" मी डबा घेऊन गिरणीकडे गेलो तो जवळजवळ पळतच. त्या रविवारी घर शोधायला जायचं राहून गेलं. पुढच्याही.

काही वर्षांनी मंजूचं लग्न झालं. नवे जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा सासूबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या. मी अंगणात पावशीवर बसून त्यांच्यासाठी कोहळं कापत होतो. पोरगा भला होता. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, मैं काट दूँ?"

"नको!" मी आणि सासूबाई एकदमच ओरडलो.

"तुम्ही आत बसा जावईबापू," मी त्याला म्हणालो. "हे घरच्या पोरांचं काम आहे."

"तू तोंडानं नको बोलू," मागून सासूबाई म्हणाल्या, "पायाकडे पाह्य, गाढवा!"

मी घरजावई नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्या घरात जावई एकच, आणि तो पंख्याखाली बसला होता.