साडेसहाची खरखर

आमच्या घरात काहीही बिघडलं की दोष माझ्या कॉम्प्युटरचा असतो. दूध नासलं तरी सासरे आधी माझ्या टेबलाकडे बघतात. मी घरूनच काम करते. कोथरूडमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझं टेबल आणि सासऱ्यांचा रेडिओ यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि ती भिंत फारशी उपयोगाची नाही.

सासरे हौशी रेडिओवाले. बाल्कनीतून खालच्या अशोकाच्या झाडापर्यंत त्यांनी एक तार ताणली आहे, आणि तिच्यावर कपडे वाळत घालायची मुभा घरात कुणालाही नाही. त्या तारेवरून ते जगभरची टिकटिक, म्हणजे मोर्स कोडमधले संदेश, ऐकतात. मध्यंतरी मात्र टिकटिक गेली आणि नुसती खरखर उरली. सासऱ्यांनी क्षणाचाही विचार न करता निकाल दिला, की हा माझ्या यंत्राचा प्रताप.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण प्रश्न सांगलीच्या काकांचा होता. काका हे सासऱ्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. मोबाइलवर ते फक्त फुलांची चित्रं पाठवतात, सुप्रभात लिहिलेली. रोज साडेसहाला रेडिओवर मात्र मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये ते मनमुराद बोलतात, भांडतात, शिव्या देतात. त्या शिव्या सासरे आम्हाला कधीच सांगत नाहीत, एकटेच हसतात. खरखर सुरू झाल्यापासून ते हेडफोन कानावर दाबून बसायचे आणि थोड्याच वेळात पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर यायचे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. मग ते कॉम्प्युटरचं नाव काढायचे आणि माझं डोकं फिरायचं.

एके दिवशी सकाळी आमची सिस्टिम कधीच बंद पडत नाही, असं मी परदेशातल्या क्लायंटला ठणकावून सांगत असताना वायफाय गेलं. बाहेर येऊन बघते तर सासरे मेन स्विचजवळ उभे, हातात बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर. मेन बंद केल्यावर खरखर थांबली, म्हणजे चोर घरातलाच आहे, असं त्यांनी मला आनंदानं समजावून सांगितलं. मग त्यांनी एकेक वस्तू चालू करत नेली. फ्रिज, टीव्ही, वायफाय, सगळे निर्दोष सुटले. माझ्या मॉनिटरचा ॲडॉप्टर लावला आणि ट्रान्झिस्टर खवळला.

आता नाही म्हणायची सोयच नव्हती. तो ॲडॉप्टर मीच ऑनलाइन सेलमध्ये घेतला होता. मी निमूटपणे चांगला आणला. शिवाय वायरीच अँटेनासारखी घाण बाहेर फेकतात म्हणून सासऱ्यांनी प्रत्येक वायरीला ती घाण अडवणारे फेराइटचे काळे मणी चिमटवले. दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी बांधलेल्या बाळासारखं माझं टेबल दिसायला लागलं. त्यांनी आपली तारही माझ्या भिंतीपासून लांब सरकवली. दुपारी रेडिओ स्वच्छ झाला. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी साडेसहाला खरखर परत हजर. सासरे माझ्या दारात आले आणि म्हणाले, "आपण आणखी काही खरेदी केली आहे का?"

ते मला 'आपण' म्हणाले की प्रकरण गंभीर असतं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत टेबलाचे सगळे प्लग उपटले. खरखर तशीच. मग मी त्यांच्या हातातला ट्रान्झिस्टर घेतला आणि स्वतःच चोर शोधायला निघाले. पॅसेजमध्ये आवाज वाढला, स्वयंपाकघरात आणखी वाढला, आणि देवघरासमोर ट्रान्झिस्टरनं अक्षरशः टाहो फोडला. समोर देवांभोवती गणपतीत आणलेली रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. सासूबाई ती रोज दिवेलागणीला लावतात. सकाळच्या तपासात ती बंद होती, आणि देवांवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सासूबाई निरांजनाची वात सारखी करत होत्या. आवाज ऐकून त्या जराही दचकल्या नाहीत.

"तुम्हाला आत्ता कळलं होय?" त्या म्हणाल्या. "हाका मारून मारून दमले तरी हे खोलीतून बाहेर यायचे नाहीत. माळ लावली की आपोआप येतात. मी म्हटलं, बरं आहे की. तिन्हीसांजेला दोन माणसं चहाला तरी एकत्र बसतात."

मला हसू आवरेना. माझ्या टेबलाची झडती चालू असताना ही बाई शांतपणे रोज बटण दाबत होती. पण या खरखरीत सांगलीच्या भावजींचं बोलणं बुडतंय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे माळ बंद केली. सासऱ्यांनी हळूच सुचवलं, माळेच्या ॲडॉप्टरलाही एक मणी लावतो, मग कटकटच नको.

"माळेला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "भावजींचं होऊ दे. सात वाजता मी माळ लावणार, आणि तुम्ही मुकाट्यानं बाहेर यायचं."

दुसऱ्या दिवशी सासरे हसून हसून डोळे पुसतच खोलीतून बाहेर आले. काका काय म्हणाले, असं मी विचारलं. "विचारतोय, इतके दिवस कुठे मेला होतास," ते म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.

तेव्हापासून सात वाजता माळ लागते आणि सासरे कुरकुरत बाहेर येतात. परवा देवघर पुसताना मला माळेचा ॲडॉप्टर दिसला. देवांच्या मागे, सहज नजर जाणार नाही अशा जागी, त्याच्या वायरीला दोन काळे मणी होते. संध्याकाळी सासूबाईंनी माळ लावल्यावर मी ट्रान्झिस्टर देवघराशी नेला. हूं नाही की चूं नाही. पॅसेजमधल्या कपाटाच्या काचेत माळेचे रंग उमटले होते, आणि सासऱ्यांच्या खुर्चीतून ती काच नीट दिसते.

सासरे बाहेर आले. "झाली सुरू तुझी खरखर," ते सासूबाईंना म्हणाले. सासूबाईंनी विजयी मुद्रेनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. आत टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनमधून काकांची टिकटिक खणखणीत ऐकू येत होती, बहुधा निरोपाची शिवी असावी. सासूबाईंच्या कानावर जायच्या आत मी पुढे झाले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.