तात्यांनी न सांगितलेला शेवट

बातमी आली तेव्हा माझ्या हातात दुधाचे नमुने होते. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीत प्रयोगशाळेत फोन नेता येत नाही, तो दाराशी कप्प्यात ठेवूनच आत जायचं. त्यामुळे इंदापुरातून काकीचे फोन येत राहिले आणि मी निवांतपणे फॅट तपासत राहिले. शेवटी गेटवरच्या माणसाने आत निरोप पाठवला... तात्या गेले. दुपारचं जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. डोक्यावरची जाळीची टोपी आणि पायातले गमबूट तसेच घेऊन मी पार्किंगपर्यंत गेले आणि तिथं पहिला विचार मनात आला तो असा, की आता आप्पांचं काय? रडू नंतर आलं. आधी राग आला. इतके आठवडे झाले तरी तो नीट गेलेला नाही. लोक मन हलकं व्हावं म्हणून लिहितात म्हणे. मला तर भांडायचं आहे आणि ज्यांच्याशी भांडायचं ते उठून निघून गेले आहेत.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आप्पा माझे वडील, त्यांच्याहून धाकटे. आमचं घर काटेवाडीला. शेती आप्पांनी सांभाळली आणि तात्या शिकून इंदापूरला हायस्कूलात इंग्रजीचे मास्तर झाले, तिथंच घर बांधून राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सुट्टी लागली की माझी रवानगी इंदापूरला. शाळेतले त्यांचे सहकारी साळवे सर ख्रिस्ती होते. त्यांच्याकडे सिनेमांच्या सीडी असायच्या, कुठल्या कुठल्या युरोपातल्या भाषांमधल्या, खाली इंग्रजी अक्षरं येणाऱ्या. सरांनी एक दिली, दुसरी दिली आणि तात्यांना ते वेडच लागलं. हाणामारी नाही, नाच नाही. कुणी नन आपलं गाव जाळणाऱ्या सैनिकाची मलमपट्टी करते आहे, कुणी शिक्षक विद्यार्थ्याची चोरी आपल्या अंगावर घेतो आहे, आणि प्रत्येक सिनेमात कुठं ना कुठं भिंतीवर क्रूस. तात्या एकादशी चुकवणारे नव्हते, पण या सिनेमांपुढे ते जसे लक्ष देऊन बसत, तसे मी त्यांना कीर्तनातही बसलेले पाहिले नाहीत.

आणि एकट्याने बघून त्यांचं भागत नसे. शनिवारी ते दार लावून सिनेमा बघत, एकदा, दोनदा, पाठ होईपर्यंत. रविवारी दुपारी मग आळीतली माणसं सतरंजीवर बसायची. तात्या आवाज जवळजवळ बंद करत, टीव्हीच्या काचेवर खालच्या बाजूला खाकी कागदाची पट्टी चिकटवत आणि शेजारी उभे राहून सगळी पात्रं स्वतः बोलत. आपल्या बोलीत. बिशप ‘काय रं लेका’ म्हणायचा आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेली मडम ‘न्हाय वो, माझं चुकलं’ म्हणायची. मी एकदा विचारलं, पट्टी कशाला, ज्यांना वाचता येतं ते वाचतील की. तात्या म्हणाले, “खाली वाचत बसलं की माणसाचं तोंड दिसत न्हाय, वैशे. सिनेमा तोंडावर असतोय.”

आळीत कुजबुज व्हायची, मास्तर बाटले की काय. तात्यांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, सिनेमा बघून माणूस बदलत असता तर हाणामाऱ्या बघून आतापर्यंत निम्मं इंदापूर पैलवान झालं असतं. पण एकदा साळवे सरांशी बोलताना मी ऐकलं ते निराळं होतं. सिनेमातला खुनी जाळीआडच्या पाद्र्यापुढे आपलं पाप सांगतो, त्यावर बोलणं चाललं होतं. “आमच्याकडं पाप धुवायला नदी हाय, सर,” तात्या म्हणाले. “बुडी मारली की झालं. तुमच्यात तोंडानं बोलावं लागतं. त्येच अवघड हाय.” सर हसले. तात्या हसले नाहीत.

कारण त्यांच्या स्वतःच्या घरात तोंडानं बोलणं बंद होतं. आजी गेली तेव्हा तात्या शाळेची सहल घेऊन कोकणात होते. तेव्हा मोबाईल नव्हते. आप्पांनी शाळेत निरोप धाडला, संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग भावकीतली जाणती माणसं म्हणाली, बापाला अग्नी थोरला देतो, आईला धाकटा. धाकटा हजर हाय, मग कुणासाठी थांबायचं? आप्पांनी मान हलवली. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले ते राखेपाशी. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अग्नीचा मान त्याचाच हुता. मला नुसतं तोंड बघायचं हुतं.” आणि त्यानंतर ते आप्पांशी बोलले नाहीत. आप्पांनीही ‘चुकलं’ म्हटलं नाही. मी काय चोरी केली का, असं त्यांचं म्हणणं. मी काटेवाडीहून जाताना आप्पा गवार, वांगी बांधून द्यायचे, तात्या ती आवडीने खायचे, पण भाजी कुणी पाठवली हे विचारायचे नाहीत. लग्नकार्यात दोघं एकाच पंगतीत, मध्ये चार माणसं सोडून. चिडचिड व्हायची माझी. रविवारी जगाला क्षमा शिकवायची आणि सोमवारी सख्ख्या भावाचं नाव टाळायचं, हे काय गौडबंगाल? एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तात्या चष्मा पुसत राहिले.

त्यांचा सगळ्यात आवडता सिनेमा दोन बेकरीवाल्या भावांचा. बर्फाळ डोंगरातलं गाव. लढाईच्या दिवसांत धाकटा घाबरून शिपायांना थोरल्याचं नाव सांगतो, थोरला तुरुंगात जातो. सुटून आल्यावर चर्चसाठीचा पाव थोरलाच भाजतो. दर रविवारी पाद्री तो पाव येशूचं नाव घेऊन सगळ्यांना वाटतो आणि त्याआधी थोरला उठून चर्चचं दार स्वतःच्या हाताने लावून घेतो, कारण बाहेर बर्फात धाकटा उभा असतो. तात्या पावाला भाकरी म्हणायचे. पाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वडापाव येतो, असं त्यांचं म्हणणं. सिनेमाच्या शेवटी थोरला भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर येतो. त्याची पाठ आपल्याकडे, धाकट्याच्या तोंडाला मफलर. कोण बोलतंय ते दिसत नाही, फक्त बोलणं ऐकू येतं. तिथं तात्यांचा आवाज जड व्हायचा आणि धाकट्याच्या वतीनं ते म्हणायचे, “दादा, चुकलं माझं. पदरात घे.” मग थोरला भाकरी पुढे करायचा. आळीतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. इतक्या वेळा बघूनही मला तो शेवट तसाच माहीत होता.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, तात्यांचं हृदय दमलं आहे, जपायला हवं. मी काटेवाडीला जाऊन आप्पांसमोर बसले. म्हटलं, आता दोघांपैकी कुणीतरी हला, नाहीतर मागे राहील त्याचे हाल बघायला मला बोलावू नका. आप्पा उठून शेताकडे निघून गेले. रविवारी सकाळी मात्र धुतलेलं धोतर नेसून, वांग्यांची पिशवी घेऊन ते माझ्या गाडीत येऊन बसले. वाटेत मी काकीला फोन केला आणि तो बेकरीवाला सिनेमा लावायला सांगितला. मनात म्हटलं, इतक्या परक्यांना जो रडवतो, त्याने आज घरच्यांसाठी काहीतरी करावं.

आम्ही पोचलो तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. आप्पांनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि दाराजवळच टेकले. तात्यांनी पाहिलं. क्षणभर पाद्र्याचं बोलणं अडखळलं, मग पुढं सुरू झालं. ते थकले होते, खुर्चीत बसून सांगत होते, पण सांगणं तेच, खणखणीत. लढाई झाली, तुरुंग झाला, दार लावून झालं. थोरला भाकरी घेऊन बाहेर आला... आणि तात्या गप्प झाले. त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत सिनेमा स्वतः बोलला. कुठलीशी परकी भाषा, घोगरा पुरुषी आवाज. कुणालाच काही कळेना. शेजारच्या आजी विचारू लागल्या, “मास्तर, काय म्हनला त्यो?” तात्या म्हणाले, “आज घसा बसलाय माझा.” मी मागे वळून पाहिलं तर आप्पा उठले होते. मी धावत गेले तोवर ते रस्त्यावर पोचले होते. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. “सगळ्या गावाला सांगतोय आन मी बसलो की तोंड मिटतोय. आता पुन्हा मला नेऊ नगंस.” तात्यांना जाब विचारायचं ठरवलं होतं, पण ते दुखण्याने खचत चालले होते आणि मी आज नको, उद्या म्हणत राहिले. तेवढ्यात डेअरीच्या गेटवरून तो निरोप आला.

इंदापूरच्या स्मशानात अग्नी द्यायला आप्पाच. दुसरं होतंच कोण? सगळी तयारी झाली, भटजींनी खूण केली आणि आप्पा म्हणाले, थांबा जरा. लोक थांबले. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, आप्पा, ऊन वाढतंय. ते पुन्हा म्हणाले, थांबा. शेवटी साळवे सर जवळ गेले आणि हळूच म्हणाले, सगळे आलेत, आता यायचं कुणी राहिलं नाही. आप्पा तात्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. “व्हय,” ते म्हणाले, “कुणीच न्हाय राहिलं.” आणि तरीही त्यांनी बराच वेळ हात पुढे केला नाही.

तेराव्यानंतर मी काकीकडे राहिले होते. दुपारी ती झोपली. मला बसवेना, वाचवेना, चहासुद्धा गोड लागेना. मी टीव्हीवरची खाकी पट्टी नखाने खरवडून काढली आणि तो सिनेमा लावला, सरळ शेवटाकडे नेला. थोरला बाहेर आला, पाठ आपल्याकडे. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. मी थांबवून वाचली, मागे नेऊन पुन्हा वाचली. बोलणारा धाकटा नव्हताच. बोलत होता तो थोरला. तो म्हणत होता, दार मी लावत होतो. तू बाहेर होतास ते माझ्यामुळे. माफी मी मागायची आहे.

म्हणजे इतकी वर्षं तात्यांनी वाक्य एकाच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडात घातलं होतं. त्यांना जे ऐकायचं होतं, ते ते दर वेळी स्वतःच म्हणत होते, आणि सगळी आळी त्यावर रडत होती. आणि ज्या रविवारी खरा धाकटा दाराशी येऊन बसला, त्या दिवशी खोटं सांगवेना आणि खरं तोंडातून निघेना... म्हणून आवाज वाढवला. असं मी म्हणते. खरंच घसा बसला असेल तर? हा प्रश्न मी रोज गाडी चालवताना स्वतःला विचारते, बारामतीतल्या खोलीपासून एमआयडीसी आणि परत, आणि रोज निराळं उत्तर येतं. तात्या, एक वाक्य होतं हो. मराठीत म्हणायला किती वेळ लागला असता?

आप्पांना सांगावं की नाही, यावरही मी बरेच दिवस काढले. सांगितलं तर त्यांना टोचणी लागेल, नाही सांगितलं तर ते भावाचा राग घेऊनच जातील. शेवटी गेल्या रविवारी सीडी घेऊन गेले आणि काटेवाडीच्या घरात त्यांना समोर बसवलं. शेवट आला तेव्हा थांबवून ते वाक्य सांगितलं, आपल्या बोलीत, तात्यांनी सांगितलं असतं तसं.

आप्पा टीव्हीच्या जवळ सरकून बसले. मग म्हणाले, “त्या रविवारी आवाज मोठा केला तवा ह्येच बोलला व्हय?”

“हेच.”

“मंजी मला ऐकू आलं हुतं. कळलं न्हाय, एवढंच.” मग पडद्यावरच्या मफलरकडे बोट दाखवून विचारलं, “आन धाकटा काय म्हनतो त्यावर?”

म्हटलं, काही नाही म्हणत. भाकरी घेतो आणि तिथंच उभा राहून खातो.

आप्पांनी मान खाली घातली. “मी तर उठून आलो,” ते म्हणाले.

सीडी त्यांनी ठेवून घेतली आहे. आई फोनवर सांगते, रोज दुपारी जेवण झालं की शेवटचा तेवढा भाग लावतात, आवाज पार मोठा करून. शेजारी विचारतात हे काय चालतं, आई उलगडून सांगायला गेली तर आप्पा तिला हाताने गप्प करतात. थोरला बोलतो, धाकटा भाकरी खातो, मग परक्या लिपीतली नावं वर सरकत जातात, त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नाही. टीव्ही पूर्ण काळा होईपर्यंत आप्पा जागचे हलत नाहीत.