पोटरीत धरलेलं कणीस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते चारकोपच्या दुमिंगकाकांचे. त्या सकाळी ते बांधावर उकिडवे बसून नखाने भाताचा देठ चिरत होते.

“बघ, साहेब.” मला साहेब ते चिडवायला म्हणत. देठात बोटाच्या पेराएवढं, पांढरं, लवदार काहीतरी होतं. “पोटरीत कणीस धरलाय. आता विळा लावलास तर मुंडीच कापशील.”

बांधाला टेम्पो लागलेला होता.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. संगमेश्वरकडून येऊन कांदिवलीच्या एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर म्हणून लागलो होतो. काम चाऱ्याच्या भाताचं. हा भात म्हशींसाठी. पाला भरपूर, दाणा कमी. मालाड-जोगेश्वरीच्या तबेल्यांना तो हवा होता, पण बीच पुरेसं निघत नव्हतं. झाड छातीएवढं वाढायचं, दाणा भरताना लोळायचं आणि कणसं चिखलात कुजायची.

आदल्या वर्षी काकांच्या शेतात एक म्हैस घुसली. तिने खाल्लेला कोपरा पुन्हा फुटला, बुटका राहिला, लोळला नाही. बी तिथेच भरलं. हे काकांनीच मला दाखवलं. मग ठरलं, सगळा प्लॉट एकदा लवकर कापायचा. पाला तबेल्याला, फुटव्याचं बी आपल्याला. अट एकच: देठात कणीस धरायच्या आधी कापायचं.

काकांची जमीन खंडाची, मालकाला दरवर्षी पैसे मोजून कसलेली. बी आलं तरच कंपनी त्यांच्याशी केलेला करार पुढे चालवणार होती. करार गेला की शेत गेलं.

ठरलेल्या तारखेला तबेलेवाल्याकडे गवत शिल्लक होतं, त्याला पाला इतक्यात नको होता. आमचे मॅनेजर म्हणाले, “आठ दिवस थांब ना. वजनही वाढेल.”

“सर, उशीर होईल.”

“आठ दिवसांत काय वाट लागते रे?”

मी टेम्पो आठ दिवस पुढे ढकलला. ते आठ दिवस संपले, तेव्हा काकांनी तो देठ चिरला.

“टेम्पो परत पाठव,” काका म्हणाले.

“काका, मी प्रोबेशनवर आहे. साहेबांची ऑर्डर आहे.”

“मंग ऑर्डर भाताला वाचून दाखव.”

मी म्हटलं, “कापा.” काकांनी हट्टाने विहिरीकडच्या दोन ओळी तेवढ्या न कापता राखल्या, लोळू नयेत म्हणून काठ्यांना बांधल्या.

फुटवे आले, पण कणसं थोडी आणि तीही पोचट. मॅनेजरांनी एक कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली. हातात काही उरलं नाही.

“इतक्या उशिरा कापायला कोणी सांगितलं?” त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मीच कापला,” काका म्हणाले. “पोरगा नको नको बोलत होता.”

मी तिथेच उभा होतो.

करार गेला. काका खारदांड्याला भावाकडे जाळी विणायला गेले. मी कायम झालो. तेव्हापासून मी कापणीची तारीख ऑफिसात ठरवत नाही. दहा ठिकाणचे देठ चिरतो, मग सांगतो.

पुढच्या हंगामानंतर मी त्यांना पत्र पाठवलं:

“ती. दुमिंगकाकांस शि. सा. न.

मॅनेजरांना काल खरं सांगितलं. कापा असं मी म्हटलं होतं, तुम्ही नाही. ते म्हणाले, आता सांगून काय उपयोग? मला काढलं नाही. तुमच्या शेताला बिल्डरने पत्र्याचं कुंपण घातलंय.

तुम्ही राखलेल्या दोन ओळींचं बी यंदा भांडुपला लावलं. वेळेत कापलं. लोळलं नाही, दाणा भरला. त्यातलं मूठभर सोबत पाठवतो. ते पेरायला तुमच्याकडे जागा नाही, हे मला माहीत आहे.”