सुजाताच्या दोन विती

सुजाताचं निधन झालेलं नाही. तिला नवऱ्याने मारलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर 'दुःखद निधन', 'अकाली एक्झिट' आणि जोडलेले हात येतायत. म्हणून पहिलं वाक्य तसं लिहिलं. दोनदा खोडलं, परत लिहिलं.

बिबवेवाडीतल्या आमच्या शाळेत ती दुसरी 'अ'ची वर्गशिक्षिका, मी 'ब'ची. दोन वर्गांच्या मधे भिंत नाही, कपाटं आहेत. तिचा वर्ग मला सगळा ऐकू यायचा.

वर्ग कसला, बाजार.

मापनाचा धडा पुस्तकात दोन पानांचा. ती आठवडाभर चालवायची. मुलं जमिनीवर, बेंचखाली, दारात. कुणी वितीने फळा मोजतंय, कुणी मित्राची पाठ. जुन्या लग्नपत्रिका उघडून कोऱ्या बाजूवर प्रत्येकाने बोटं ताणून हात आखायचा, कापायचा, नाव घालून भिंतीवर चिकटवायचा. सगळ्यांत वर बाईंचा हात.

"प्रत्येकाची वीत वेगळी," ती सांगायची. "पण आपली आपल्याला फसवत नाही. शंका आली की परत मोजायचं."

मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, दारातून म्हणायच्या, "पोर्शन संपवणार आहात, की मुलांना मिस्त्रीकाम शिकवताय?"

"दोन्ही, बाई. एक तरी उपयोगी पडेल."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती उशिरा रुजू झाली. उजव्या हाताची करंगळी वाकडी, आत वळलेली.

"गॅलरीत घसरले."

"खोटं बोलतेस."

"घसरले म्हटलं ना गं!"

मग उजळणीचा तास. तिने मुलांसमोर स्वतःचं टेबल मोजायला घेतलं. बाईंचं टेबल सात विती, हे अख्ख्या वर्गाला पाठ.

सात भरल्या. टेबल उरलं.

परत मोजलं. परत उरलं.

"बाई, टेबल वाढलं का?" ईश्वरीने विचारलं. (मुलांची नावं बदलली आहेत.)

"टेबल कसं वाढेल, येडे!" समीर म्हणाला. "बाईंचा हात कमी झालाय."

सगळे हसले. मी कपाटांच्या फटीतून बघत होते. सुजाता उठली आणि भिंतीवरच्या कागदी हातावर तिने आपला हात ठेवला. अंगठा जुळला. करंगळी पोचत नव्हती.

"कसा काय कमी झाला, बाई?"

ती हात तसाच ठेवून उभी. मला वाटलं, आता गॅलरी येणार.

"मोडला," ती म्हणाली. "घरी. माझ्या नवऱ्याने पिरगळला."



मग ईश्वरी, अगदी साध्या आवाजात: "माझ्या मम्मीचा पण असाच मोडलेला. पप्पांनीच दवाखान्यात नेलं."

सुजाताने एक लग्नपत्रिका घेतली. नवा हात आखला, कापला, जुन्याच्या शेजारी लावला. दोन्हींवर एकच नाव.

शाळा सुटताना मोठ्या बाई आल्या. "घरातलं वर्गात कशाला? त्यातला एक काढा."

"दोन्ही माझेच आहेत, बाई."

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. आधी पोलीस चौकी, मग माझ्याकडे. गुन्हा नोंदला गेला. तो जामिनावर सुटला. वर्गातलं बोलणं मुलांच्या घरांतून त्याच्यापर्यंत पोचलं होतं. शाळेसमोर गाडी लावून उभा राहायला लागला. आम्ही चौकीत सांगितलं. "लक्ष ठेवतो, मॅडम."

मग तो दिवस. मुलांना व्हॅनमध्ये बसवून आम्ही दोघी बसस्टॉपकडे निघालो होतो. तो समोरून आला. हातात हेल्मेट.

"वर्गात काय शिकवतेस माझ्याबद्दल? मला पण शिकव ना."

आणि घातलं तिच्या डोक्यात. ती पडली. पडल्यावरही मारत राहिला. तिने उजवा हात डोक्यावर धरला होता, तर त्या हातावर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. मी त्याचे केस ओढले, दंडाला चावले. त्याने मला झटकलं, मी फूटपाथच्या कडेवर आपटले. लोकांनी त्याला ओढून काढेपर्यंत हेल्मेटची काच फुटून तिच्या केसांत अडकली होती. दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

केस चालू आहे. मी साक्षीदार आहे.

तिचा दीर तेव्हा मला म्हणाला होता, "शाळेत तमाशा केला नसता तर जिवंत असती."

वर्षभर हे वाक्य तपासतेय. रागाने नाही. खरं आहे का, म्हणून. कदाचित असती. एकेक बोट मोडून घेत जगली असती.

चौकीत जायचं कुणी ठरवलं, तिने की मी? मला आठवतं ते असं: ती पायऱ्या उतरून चालायलाच लागली, मी फक्त रिक्षा थांबवली. पण हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून तर आठवत नाहीये ना? शंका आली की परत मोजते. दर वेळी तीच पुढे असते.

यंदा 'अ' माझ्याकडे आहे. भिंत तीच. आज सकाळी मोठ्या बाई वर्गात आल्या. "रंगकाम काढलंय. आठवण म्हणून तिचा एक हात ठेवू. तो चांगला."

"काढा," मी म्हटलं. "पण आत्ता, मुलांसमोर. आणि दुसरा का काढला, हे तुम्ही सांगा."

मुलं बघत होती. एकाने तर हात वर केलाच. "बाई, ते दोन हात वेगळे का आहेत?"

 मोठ्या बाई मुलाला म्हणाल्या, "तुमच्या बाई सांगतील." जाता जाता मला म्हणाल्या, "रंगाऱ्याला सांगते, तेवढी भिंत सोड."

मी सांगितलं. सगळं नाही. पण मोडला, आणि कुणी मोडला, एवढं सांगितलं.

तुझ्या वर्गातली एक मुलगी परवा आईला घेऊन माझ्याकडे आली होती. पुढचं इथे लिहीत नाही.

टेबल वाढलं नव्हतं, सुजाता.

तुझ्या दोन्ही हातांना नमस्कार.