रॉबिनचं मागचं बोट आणि जबलपूरचे तीन दिवस

जबलपूरला लोक भेडाघाट बघायला जातात. मी गेले ती माझ्यावरचा आळ पुसायला. भेडाघाट जवळच होता म्हणून पाहिला. तुम्ही उलट क्रमाने जायला हरकत नाही.

आळ असा. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये सातवीत होते. बाबा तोफांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात, आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. शाळेच्या लायब्ररीतून मी बागेतल्या गाणाऱ्या पक्ष्यांचं एक पुस्तक घरी आणलं होतं. बाग अर्थात इंग्लंडमधली. रॉबिन बर्फात फावड्याच्या दांड्यावर बसलेला, पुढच्या पानावर थ्रश, त्याच्या पुढे नाइटिंगेल. मे महिन्यात भट्टी होणाऱ्या गावातल्या मुलींना याचा काय उपयोग, हा प्रश्न कोणी विचारत नसे. आमच्या कुंपणावर रोज चीरक, म्हणजे आपला देशी रॉबिन, शेपटी उभारून, खालचा तांबडा डाग दाखवत नाचायचा. त्याच्यावर धडा नव्हता. तो फुकटात दिसायचा ना.

पुस्तक परत केलं आणि रॉबिनच्या पानावर लाल पेन्सिलीच्या खुणा आणि अक्षरं निघाली. लायब्ररीच्या सिस्टरांनी ते पान सगळ्या वर्गाला लांबून दाखवलं आणि निकाल दिला, कबूल करेपर्यंत कार्ड बंद. मी काही केलंच नव्हतं, मग कबूल कशाला करू? शाळा सोडेपर्यंत मला त्या लायब्ररीतून एकही पुस्तक मिळालं नाही. तेव्हा घरी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे शाळेत शिक्षा झाली की घरी दुसरी तयार असे. माझ्या आधी ते पुस्तक वर्गातल्या लीनाकडे होतं. मी तिच्यावर जो संशय धरला तो धरलाच. तिला माझ्या लग्नाला बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. माझी मोठी बहीण, लग्नानंतर जबलपुरातच, घमापूरला स्थायिक झालेली. आळाची गोष्ट तिला मी बाबा गेल्यावर सांगितली होती.

"तुझ्या शाळेची लायब्ररी वरच्या मजल्यावर नेऊन राहिले. जुनी पुस्तकं शनिवारी रद्दीत देतील म्हणे. जुन्या मुलींना पाहायचं असेल तर या म्हणाले."

"मी येते."

"पक्ष्यांच्या पुस्तकासाठी? अगं, सासष्ट वर्षांची झाली तू."

"म्हणूनच. अजून किती थांबू?"

बॅगेत चार साड्या, गुडघ्याचं तेल, सातवीची निबंधाची वही आणि भारतीय पक्ष्यांचं माझं नवं पुस्तक घेतलं. वही म्हणजे पुरावा, अक्षर ताडून पाहायला. नवं पुस्तक वाटेत पक्षी बघायला.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने साधारण सहा तास. सकाळची बस घ्या आणि डावीकडे बसा, उजवीकडे ऊन येतं. सिवनीच्या आधी जंगलात रस्ता खांबांवर चढतो, खालून वाघ जावेत म्हणून. माझ्या शेजारचे गृहस्थ पूर्ण जंगलभर मोबाइलवर वाघाचे व्हिडिओ बघत होते. त्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही, त्यामुळे वाघांचीही अडचण झाली नसावी. लखनादौनला बस थांबते. समोसा गरम असेल तर घ्या, "अभी निकला है" असं सांगितलं तर हात लावून पाहा. स्वच्छतागृहाबद्दल मी लिहीत नाही, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे.

संध्याकाळी ताईने पातळ पिठलं आणि भात वाढला. मी वही काढून दाखवली. ती हसली.

"पाहा, हे माझं अक्षर. गोल, डावीकडे झुकलेलं. त्या खुणांशी जुळणार नाही," मी म्हटलं.

"तुला आठवतं का गं, ब्लॅकआऊटमध्ये बाबा काय करत होते?"

"काचांना काळे कागद लावत होते. अजून काय?"

"तू जेवून झोपून जायची. ते दिव्याला पुठ्ठ्याची टोपी घालून तुझी पुस्तकं वाचत बसत. रेडिओवर बातम्या, हातात पेन्सिल."

मी म्हटलं, वाचत असतील. मला एवढंच आठवत होतं की त्या दिवसांत बाबा अधूनमधून विचारत, "त्या पुस्तकाबद्दल सिस्टर काही म्हणाल्या का?" मला वाटे, वेळेवर परत केलं का, हे विचारतात. मी सांगे, "काही नाही." खोटं बोलताना मी नेहमी थोडक्यात बोलते.

दुसऱ्या दिवशी शाळा. आधी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात उतरून खव्याची जिलबी खाल्ली. काळी दिसते, दोन पुरतात, तिसरीला डॉक्टर विचारा. कापडाच्या दुकानांतून वाट काढत ऑटोपर्यंत आले. ऑटोवाला भैया म्हणाला, "दीदी, स्कूल में पोती का एडमिशन है?" मी म्हटलं, "नहीं, मेरा ही कुछ बाकी है." त्याने हॉर्न वाजवला. ऑटोचं भाडं ठरवून बसा आणि चौकशी झाली तर एवढंच उत्तर द्या.

लायब्ररीच्या मॅडम तिशीतल्या होत्या. चष्मा डोक्यावर आणि चष्म्याचाच शोध चालू. मी माझं नाव, वर्ष, पुस्तक सांगितलं. त्यांनी जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यातून नेमकं काढलं. माझ्या नावापुढे लाल शाईत इंग्रजीत शेरा होता, "कबुली येईपर्यंत बंद." सिस्टर कधीच गेल्या, शेरा मात्र टिकला होता. शाई उत्तम प्रतीची असावी.

"मैम, ये तो अभी भी चालू है," मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

"वही तो देखने आई हूँ."

पुस्तक रद्दीच्या तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. मी वही उघडून तयार ठेवली आणि रॉबिनचं पान काढलं.

दांड्यावर बसलेल्या रॉबिनच्या पायाभोवती लाल गोल होता. गोलातून समासाकडे बाण, पट्टीने ओढलेला. बाणाच्या टोकाशी सरळ उभ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, "मागचं बोट राहिलं." खाली तारीख, आणि एका चौकटीत दोन आद्याक्षरं.

ती चौकट मी लहानपणी शंभरदा पाहिली होती. ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्याने काढलेला नकाशा तपासायचा म्हणजे चूक गोलात घ्यायची, बाण काढायचा, दुरुस्ती लिहायची आणि चौकटीत सही करायची. बाबा आयुष्यभर हेच करत. वाण्याच्या पाटीवरही त्यांनी एकदा केलं होतं.

मी चित्राकडे नीट पाहिलं. रॉबिनची सगळी बोटं पुढे होती. पाठीमागून दांडा धरायला एकही नाही. असा पक्षी वारा आला तर उताणा पडेल. इंग्लंडातल्या कोणा चित्रकाराला, छापणाऱ्याला, आमच्या सिस्टरांना आणि मला जे दिसलं नाही, ते कारखान्यातल्या माणसाला लढाई चालू असताना पुठ्ठ्याच्या टोपीखाली दिसलं. आणि त्यांना वाटलं, शाळा आभार मानेल. कारखान्यात मानत असत.

"तो ये आपकी राइटिंग नहीं है ना?" मॅडमनी माझी वही पाहून विचारलं. "साफ दिख रहा है. मैं लिख देती हूँ, गलत इल्ज़ाम था. नाम क्लियर."

चौपन्न वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते. मी विचारलं, "और किताब का क्या होगा?"

"ये तो शनिवार को रद्दी में जाएगी. हम किसी को दे नहीं सकते, रूल नहीं है."

"और जिसने खराब की, उसके लिए क्या रूल है?"

"वो पुराना रूल है. खराब करने वाला नई किताब देगा और खराब वाली ले जाएगा." चष्मा त्यांना आता सापडला. तो लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वही मिटून बॅगेत ठेवली. "लिखिए, मैंने ही किया था."

"मैम, पक्का?"

"सातवीं में थी. शरारती थी. लिखिए."

बॅगेतलं माझं नवं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. देण्याआधी चीरक आणि दयाळ दोघांचे पाय तपासले, तीन बोटं पुढे आणि एक मागे. मॅडमनी शेऱ्याखाली तारीख घालून सही केली आणि जुनं पुस्तक माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "वैसे गलती सही पकड़ी थी आपने. स्कूल की तरफ़ से थैंक यू."

घरी आल्यावर ताई ओरडली. "काहून कबूल केलं? चौपन्न वर्षं भांडून राहिली होती ना तू?"

मी तिच्यापुढे पान उघडून ठेवलं. तिने चौकटीवर बोट ठेवलं, पेन्सिलीच्या रेघेवरून फिरवलं. मग म्हणाली, "चहा ठेवते."

तिसऱ्या दिवशी भेडाघाट. धुवाँधार धबधब्याचे तुषार चष्म्यावर येतात, पुसायला कापड न्या. नावेत बसण्याआधी दराचा बोर्ड वाचा, पावसाळ्यात नावा बंद असतात. नावाडी यमक जुळवून खडकांची माहिती सांगतो. प्रत्येक खडकात त्याला हत्ती, घोडा किंवा मोटार दिसते. मला संगमरवर दिसला. घाटावर संगमरवरी पक्षी विकायला असतात. एक उचलून उलटा केला.

"क्या देख रही हो, अम्मा?" कारागिराने विचारलं.

"पैर."

"पैर कौन देखता है?"

मी म्हटलं, "हमारे घर में देखते थे."

परत येताना उजवीकडे बसावं लागलं, ऊन आलं. नागपूरला पोहोचल्यावर लीनाला फोन केला आणि माफी मागितली. कशाची ते तिला कळेना. माझ्या लग्नाला बोलावलं नव्हतं हे तिच्या लक्षातच नव्हतं, आणि याचा मला थोडा राग आला.

मग चष्मा लावून सगळं पुस्तक चाळलं. प्रत्येक पक्ष्याच्या पानावर खाली कोपऱ्यात लहानशी लाल बरोबरची खूण आहे. थ्रश पास, नाइटिंगेल पास. नापास एकटा रॉबिन. पुस्तक आता बाबांच्या फोटोशेजारी ठेवलं आहे. फोटोतही ते काहीतरी विचारल्यासारखेच बघतात.

हो बाबा, म्हणाल्या. थँक यू म्हणाल्या.