गुलाल खाल्लेलं इंजिन

मी आयुष्यात एकच यांत्रिक सुधारणा केली आणि ती एका चांगल्या माणसाला महागात पडली. पन्नाशी ओलांडल्यावरही हे सांगताना आधी स्वतःची बाजू मांडावीशी वाटते. म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो: मला बाजू नव्हती.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वडिलांची एक डिझेल पिकअप होती. फौंड्रीतून ओतीव माल उचलायचा आणि मशीनशॉपला पोचवायचा, हा आमचा धंदा. फौंड्रीच्या आवारात बारीक काळी वाळू इतकी की दुपारी नाक शिंकरलं तर रुमाल काळा व्हायचा. ती इंजिनात जाऊ नये म्हणून गाडीला जुन्या पद्धतीचा एअर फिल्टर होता. पत्र्याचा गोल डबा, तळाला ऑइल. आत येणारी हवा ऑइलवरून जायची, धूळ तिथंच बसायची. दर शनिवारी आमचे ड्रायव्हर तो डबा उघडत, काळा गाळ ओतून टाकत, डिझेलनं धूत आणि खुणेपर्यंत नवं ऑइल भरत. मगच चहा. बारा वर्षांत त्यांचा एक शनिवार चुकला नव्हता, आणि बारा वर्षांत इंजिन उघडावं लागलं नव्हतं. टेम्पो स्टँडवर त्यांना त्याचाच मान होता. जुनी गाडी घेणारा माणूस आधी त्यांना विचारायला यायचा.

मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला 'धाकलं मालक' म्हणायचे. त्यात मालक कमी आणि धाकलं जास्त असायचं.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, बी.कॉम. होतो आणि मोटारींची इंग्रजी मासिकं वाचत होतो. वाचत होतो म्हणजे चित्रं बघत होतो. त्यातल्या एका चित्रात शंकूच्या आकाराचा, लालभडक, उघडा फिल्टर होता. हवा मोकळी मिळाली की इंजिन जोमात पळतं, असं काहीसं खाली लिहिलं होतं. ते शर्यतीच्या गाड्यांबद्दल होतं. आमची गाडी चाळीसच्या वर गेली तर मागचा माल उड्या मारायचा, पण हा विचार मला शिवला नाही.

तो फिल्टर मी पुण्याहून मागवला आणि एका रविवारी पत्र्याचा डबा काढून बसवायला घेतला. त्याचं तोंड आमच्या पाइपापेक्षा मोठं निघालं. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वरून क्लिप आवळली. मामा बघत उभे होते.

"धाकलं मालक, वाळूत फिरणारी गाडी हाय ही. हिला तेलाचा डबाच बरा."

"मामा, हे नवं तंत्र आहे. याला हात लावायचा नाही."

"बघू बी नगो?"

"बघायचंही नाही. बॉनेटच उघडायचं नाही."

"मग शनवारी मी काय करू?"

"चहा प्या."

हे उत्तर मला त्या वेळी फार विनोदी वाटलं होतं.

गाडीचा आवाज बदलला. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली कुणीतरी बशीतून चहा भुरकतंय असं वाटायचं. गाडीची ओढ वाढली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. वाढला होता तो फक्त आवाज.

दीड-दोन महिन्यांनी शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या टीमनं फुटबॉलची फायनल मारली; आमच्याकडे तालमी कुस्तीइतकाच फुटबॉलही खेळतात. कोल्हापुरात जिंकल्यावर गुलाल लागतो, आणि तो चिमटीनं लागत नाही. मिरवणुकीत स्पीकर ठेवायला गाडी हवी होती. मी आमची दिली आणि स्वतःच चालवायला बसलो. चौकात मिरवणूक थांबली की मी खाली उतरून बॉनेट उघडायचो, मित्रांना फिल्टर दाखवायचो आणि एकाला आत बसवून ॲक्सिलरेटर दाबायला सांगायचो. वरून गुलालाची पोती रिकामी होत होती. फिल्टर मुळातच लाल, त्यामुळे त्यावर काय साठतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात गाडी निळा धूर सोडायला लागली. मग ऑइल प्यायला लागली. मग एके सकाळी, माल भरलेला असताना, फौंड्रीसमोरचा चढच चढेना. स्टँडला लागून असलेल्या गॅरेजात इंजिन उघडलं. मिस्त्रींनी पाइपात बोट घातलं. बाहेर आलं ते काळं-गुलाबी होऊन. ते वडिलांकडे वळले.

"आण्णा, गाडीनं वाळू खाल्ली आन् वर गुलाल खाल्ला. रिंगा गेल्या, लायनर गेलं. इंजिन नव्यानं बांधाय लागतंय."

तिथं वडील होते, मामा होते, आणि करमणूक म्हणून जमलेले स्टँडवरचे सात-आठ ड्रायव्हर होते.

"फिल्टर कोण बघत होतं?" वडिलांनी विचारलं.

मी म्हणालो, "मामांना सांगितलं होतं मी. मिरवणुकीनंतर धुवा म्हणून."

वाक्य इतकं सहज निघालं की क्षणभर मलाच खरं वाटलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलले असते तर मी तिथंच कबूल झालो असतो, असं नंतर मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. म्हणजे खरं बोलायचं कामही मी त्यांच्यावरच टाकलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, वडिलांच्या हातात दिली आणि चालू लागले. वडिलांनी थांबवलं नाही.

आठवड्याभरात ते मंगळवार पेठेतल्या एका दूधवाल्याच्या टेम्पोवर लागले. पण तो टेम्पोही त्याच स्टँडवर उभा राहायचा, आणि स्टँड कुणाला सोडत नाही.

"काय मामा, आज कुठला वार?" एक जण विचारायचा.

"त्यास्नी वार इचारू नगा," दुसरा म्हणायचा, "इसरत्यात ते."

गाडी घेणारे आता दुसऱ्या कुणाला तरी विचारायला लागले. हे मी दोनदा माझ्या कानांनी ऐकलं. माझं अन्न गोड लागेना असं लिहायला आवडलं असतं, पण जेवण व्यवस्थित जात होतं. मी फक्त स्टँडवरून जायचं सोडलं आणि लांबच्या रस्त्यानं फिरायला लागलो.

दोन महिन्यांनी मामांना एकटं गाठलं. नळापाशी टेम्पो धूत होते.

"मामा, माझं चुकलं. मी खोटं बोललो."

"मला कशाला सांगताय? मला म्हाईतच हाय की."

"माफी मागायला आलो."

त्यांनी ओल्या हातानं स्टँडकडे बोट दाखवलं. "बोललासा सात-आठ जणांत, आन् माफी नळापाशी व्हय? चला तिकडं."

स्टँडवर सगळे चहा पीत होते. मी सत्काराला उत्तर देणाऱ्या माणसासारखा घसा साफ केला. "मंडळी, त्या फिल्टरच्या बाबतीत आम्हा दोघांचा जरा गैरसमज..."

"दोघांचा न्हाय," मामा मागनं म्हणाले.

"म्हणजे माझ्याकडून सांगायचं राहून गेलं असेल..."

"ऱ्हायलं न्हवतं. काय सांगितलासा, ते बोला."

"बॉनेट उघडायचं नाही, असं सांगितलं होतं."

"कुणी?"

"मी." पुढचं मी एका दमात बोललो. "मामांचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो. वडिलांसमोर, तुम्हा सगळ्यांसमोर."

मग एक बुटका ड्रायव्हर म्हणाला, "आयला, मालक, गुलाल गाडीला लावत्यात, पाजत न्हाईत!" आणि सगळा स्टँड हसला. बराच वेळ हसला. मामा हसले नाहीत.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वडील एवढंच म्हणाले, "जा, त्यांना घेऊन ये." मी उड्या मारत गेलो. आता सगळं निस्तरलं असं मला वाटत होतं.

"न्हाय जमायचं," मामा म्हणाले.

"मी सगळं खरं सांगितलं की, मामा."

"म्हणूनच. उद्या तुमच्या गाडीवर बसलो तर लोक म्हणतील, ड्रायव्हर पायजे हुता म्हणून पोरगं ग्वाड बोललं. मग तुमचं खरं बी खोटंच की. ऱ्हाऊ द्या."

तीन महिन्यांनी दुरुस्त होऊन आलेली गाडी पुढची चार वर्षं मीच चालवली. पहिल्या दिवशी ती स्टँडवर लावली, तेव्हा मामांच्या शेजारी एक शेतकरी उभा होता. त्याला एक जुनी डिझेल गाडी घ्यायची होती आणि ती त्यांना दाखवायला त्यानं आणली होती.

मामा माझ्या खिडकीपाशी आले. "गाडी जरा मागं घ्या. वाट अडवलीसा."

मी रिव्हर्स टाकला आणि मागे घेतली.