धुराच्या पिंपाशी बांधलेला काळुराम

काळुरामाला त्याचं तोंडच नडलं. कासूजवळच्या ज्या फार्महाऊसवर तो बायकोसह राखणीला राहतो, तिथल्या शेठने मोबाइलवर मांस धुरावर शिजवायचे दोन स्मोकर दाखवले. एक विजेवरचा, बटण दाबलं की आपला आपण चालणारा. दुसरा लाकूड-कोळशाचा, उभ्या पिंपासारखा. "कुठला घेऊ रे?" काळुराम छाती फुगवून म्हणाला, "पिंपच घ्या शेठ. लाइटीचा काय भरवसा? न् आमी पोपटी लावणारी मानसं, आमाला आग शिकवायला नको!"

आलं की पिंप! शेंगा-कोंबडी भरलेल्या पोपटीच्या मडक्याभोवती पेटवतात तसा गड्याने दणक्यात जाळ केला. बकऱ्याची अख्खी मांडी वरून कोळसा, आतून कच्ची. शेठ हसला आणि हा इरेला पेटला. आंब्याचं वाळकं लाकूड, हवेचं भोक बोटभर उघडं, जाळ नाही नुसता धूर, सात-आठ तास राखण, असं करत शिकलाच. मांस हाडावरून सुटायला लागलं, पाहुणे बोटं चाटायला लागले. झालं! काळुरामाचा एकही रविवार त्याचा राहिला नाही.

मग रोह्याला त्याच्या लेकीला, प्रणिताला, मुलगी झाली. बारसं नेमकं रविवारी. रजा मागितली तर शेठ खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्याशिवाय कुणाला जमतं का रे? पंधरा माणसं येतायत." नाही म्हणावं तर राहती खोली शेठची. बायको इंदुबाई एकटीच गाडीला गेली. जाताना त्याच्यासाठी काढून ठेवलेला धुतला सदरा तिने परत खुंटीला टांगला, ते त्याला फार लागलं.

काळुराम सकाळभर पिंपाशी चरफडत होता. मनात आलं, टाकावा ओला कडुनिंब, होऊ दे कडूजहर, पुन्हा नाव काढणार नाहीत! फांदी आत घातलीसुद्धा. पण तो उग्र धूर नाकात शिरला आणि मेल्याचं मन धजेना. चांगल्या अन्नाचा नास करायचा? फांदी ओढून फेकली न् स्वतःलाच शिवी हासडली.

दुपारी ताटांवर उड्या पडल्या. "वा काळुराम! पुढच्या रविवारी वीस जण!" शेठ ओरडला.

काळुरामाने मागच्या दारी जाऊन इंदुबाईला फोन लावला. तिकडे बायका पाळणा गात होत्या.

"नाव काय ठेवलं गो नातीचं?"

"तिच्या कानात सांगितलंय. येऊन इचार तिलाच," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.